थेंबातले रसायन

आठवीत सर गंधक जाळून त्याचा वायू काचेच्या पात्रात धरत आणि त्यात आधी कोरडा, मग ओला निळा लिटमस कागद सोडत. कोरडा निळाच राही, ओला तांबडा होई. परीक्षेत या निरीक्षणाला एकच गुण असे. पुढे वातावरणीय रसायनशास्त्राकडे वळल्यावर मात्र पाण्याने घडणाऱ्या याच फरकाचा ढगांमध्ये माग काढण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली.

कोळशातील गंधकापासून निघणारा सल्फर डायऑक्साइड निरभ्र हवेत राहिला, तर त्याचे सल्फ्युरिक आम्ल व्हायला काही दिवस लागतात. तोच ढगात शिरला, तर अनेकदा तासाभरात हे काम उरकते. ढगाचा थेंब साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर व्यासाचा. त्यात विरघळलेल्या वायूपासून बायसल्फाइट बनते आणि हवेतूनच आलेले हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ओझोन त्याचे सल्फेट करते. या दोघांच्या स्वभावातील फरक मला आजही सर्वांत रोचक वाटतो. ओझोनच्या अभिक्रियेतून आम्ल तयार होऊ लागले की थेंबाचा सामू (pH, म्हणजे आम्लता वाढली की घटणारा आकडा) उतरतो, वायू कमी विरघळतो आणि ती अभिक्रिया आपोआप मंदावते. पेरॉक्साइडला आम्लतेची फारशी पर्वा नसते, कारण विरघळलेला वायू जितका घटतो, जवळपास तितकाच अभिक्रियेचा वेग वाढतो. तेथे वायू किंवा पेरॉक्साइड यांपैकी एक संपेपर्यंत काम चालूच राहते.

बहुतेक ढग पाऊस न पाडताच विरतात, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. थेंब आटला की सल्फेट मागे उरते आणि ज्या कणावर तो थेंब धरला होता, तो कण आता मोठा होऊन पुढच्या ढगात अधिक सहज थेंब धरतो. म्हणूनच समुद्रावरील हवेतल्या कणांचा आकारमानानुसार आलेख काढला, तर ढगातून जाऊन आलेल्या आणि न गेलेल्या कणांचे दोन उंचवटे दिसतात. त्यांमधील खळग्याला, 1986 साली हे कारण मांडणाऱ्या विल्यम हॉपेल यांचे नाव मिळाले आहे.

महाबळेश्वरला पावसाळ्यात ढग जमिनीलाच टेकत असल्याने विमानाशिवाय त्यांचा अभ्यास करता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 मध्ये तेथे प्रयोगशाळा उभारली, ती याच सोयीसाठी. आपल्याकडील धुळीत चुन्याचा अंश बराच असतो. तो आम्ल मारतो, म्हणून आपला पाऊस युरोपातल्यासारखा आम्लधर्मी झाला नाही, असे आपण समाधानाने सांगतो. पण त्याच चुन्याने थेंबाचा सामू चढा राहतो आणि ओझोनचे काम अधिक वेळ चालून सल्फेटात भरच पडते.