त्यांची स्वतःची पोरं

परवापासून आईवर चिडलेय आणि कशासाठी ते धड सांगताही येत नाहीये. जेवताना तिला तारारा सांगत होते, म्हणजे चेर्नोबिलच्या आजारी पोरांना क्युबाने जिथे ठेवून फुकट बरं केलं ती जागा, एवढंच. क्युबात आख्ख्या देशाची लाईट जाते त्या बातम्या वाचता वाचता तिथे पोचले होते, डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि आई भाकरी मोडत म्हणाली, "आणि त्यांची स्वतःची पोरं गं?" झालं. पुढचं सांगायचा मूडच गेला.

अगं, गोष्ट केवढी आहे! चेर्नोबिल झालं एप्रिल १९८६ ला, सोव्हिएत युक्रेनमधली अणुभट्टी फुटली. २९ मार्च १९९० ला तिकडच्या १३९ पोरांची पहिली तुकडी हवानाला उतरली, घ्यायला क्युबाचे अध्यक्ष फिडेल कॅस्ट्रो स्वतः. कुणाला रक्ताचा कॅन्सर, कुणाचं थायरॉईड, कुणाच्या अंगावर कोड, कितीतरी जणांच्या डोक्यावर केस नाहीत. हवानाच्या पूर्वेला समुद्रावर तारारा, तिथे त्यांना ठेवलं. तपासून चार गट करायचे, थोडक्यात भागणारी पोरं दीडदोन महिने राहायची, अवघड असतील ती सहा महिने किंवा त्याहून जास्त, सोबत काहींच्या आया, शिकवायला तिकडचेच मास्तर. विमानाचं भाडं तिकडच्या सरकारचं, बाकी राहणं जेवण औषध ऑपरेशन सगळं क्युबाचं. हे चाललं २०११ पर्यंत. पंचवीस हजारांवर पेशंट, त्यात बहुतेक पोरंच.

आणि मधे काय झालं, तर १९९१ ला सोव्हिएत युनियनच गेलं. क्युबाचं तेल तिकडून यायचं, ते आटलं, वर अमेरिकेची नाकेबंदी आधीपासूनची, बसेस बंद, लोक चिनी सायकलींवर, रेशनवर मिळेल ते खायचं. १९९२-९३ मधे तर तिथल्या पन्नास हजारांवर लोकांना त्रास झाला, कुणाची नजर अधू, कुणाच्या हातापायाला मुंग्या, आणि त्यात मोठा वाटा पोटात पुरेसं न जाण्याचा, ब जीवनसत्त्वाचा. सरकारने सगळ्या देशाला व्हिटॅमिनच्या गोळ्या वाटल्या. त्याच वर्षांत तारारातली खोल्या-वॉर्डांची कामं चालूच. आपल्याकडून हरकिशनसिंग सुरजितांच्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पार्टीने दहा हजार टन गहू गोळा करून पाठवला होता तोही तेव्हाच.

हे सगळं मी आईला "बघ, तरीसुद्धा थांबले नाहीत" म्हणून सांगणार होते. आता लिहिताना दिसतंय की तिच्या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे. स्वतःची पोरं काय, तीही त्याच रेशनवर. म्हणून जास्तच चीड आली बहुतेक.

पण आईने विचारावं? आईने? परळला ट्रीटमेंटला येणारा गावाकडचा प्रत्येक माणूस आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत उतरायचा. सुमीमावशीचे दीर तर आख्खा पावसाळा होते. त्यांना खाट माझी, मला स्वयंपाकाच्या ओट्याखाली चटई, रात्री पाय लांब केले की केरोसीनच्या डब्याला लागायचे आणि तात्या झोपेतच म्हणायचे "हळू". त्यांच्यासाठी अंडं उकडायचं, मी फक्त पाणी टाकून टरफलं गोळा करायची. १९९० ला मी सातवीत, म्हणजे त्या विमानातल्या कुणाच्या तरी बरोबरीची. तेव्हा मला कुणी विचारलं का, की बाई तुला चालेल का? आणि आता एवढ्या वर्षांनी हिला दुसऱ्यांच्या पोरांची आठवण येते! दादाला काय वाटायचं कोण जाणे, तो कधी बोललाच नाही, जाऊ दे.

काल झोप येईना म्हणून परत तारारा वाचत बसले तर हे सापडलं, आधी नजरेतून सुटलेलं. ती जागा मुळात क्युबातल्या शाळकरी पोरांचीच. त्यांच्या पायोनियर संघटनेचं समुद्रावरचं शिबिर, १९७५ पासूनचं. म्हणजे तिथल्या कुठल्यातरी सातवीतल्या पोरीचं समुद्रावरचं शिबिर गेलं, आणि तिथे ती टक्कल पडलेली गोरी पोरं वाळूत खेळायला लागली. ती माझ्यासारखीच धुसफुसली असणार. आणि मग हळूच जाऊन बघूनही आली असेल, कारण मीही बघायचे, त्या दिरांच्या गळ्याशी सलाईनच्या टेपचा चिकटा राहिला होता तो जाता जात नव्हता, मीच एकदा खोबरेल लावून काढला. हे विसरलेच होते.

बरं वाटलं का? नाही. चीड तशीच आहे, फक्त आता तिला धड पत्ता नाही. देणाऱ्याच्या घरातल्या पोरांना विचारून कुणी देत असतं तर कुठेच कुणाला काही मिळालं नसतं हेही कळतं, आणि विचारायला हवं होतं हेही वाटतं. दोन्ही.

आज चहाच्या वेळी शेवटी बोलले आईला. म्हटलं, माझी खाट तू सगळ्यांना द्यायचीस. ती म्हणाली, "तुझी कसली? ती मिलमधल्या जाधवांची. संपात गावी गेले तेव्हा आपल्याकडे ठेवून गेले, परत आलेच नाहीत." इतकी वर्षं मी दुसऱ्याच्याच खाटेवरून रुसलेय. हसू आलं, मग तिलाही आलं.

आणि मग म्हणाली, ती तिकडची पोरं क्युबातलं काय खायची गं, भात चालायचा का त्यांना? आता हे कुठे शोधू मी.