उजवा कौल

मंगळवार, रात्री पावणेबारा

ऑफिसातून बोरिवलीला पोचेपर्यंत चिंब भिजले. जेवणं उरकली, घर झोपलं, मग लादीवर बसून टॅरोचे, म्हणजे प्रश्न विचारून चित्रांतून अर्थ लावायचे पत्ते मांडले. प्रश्न महिनाभर तोच: आईला गिरगावातून कायमचं इकडे आणू का? सत्तरी ओलांडलेली बाई, तिसरा मजला, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला.

तीनच पत्ते काढले. परिस्थिती, अडथळा, सल्ला. दहा पत्त्यांची मोठी मांडणी मी करत नाही. एवढे पत्ते समोर आले की मला हवं तेच मी त्यातून शोधून काढते.

पहिला सिक्स ऑफ कप्स. अंगणात एक मुलगा मुलीला फुलांचा पेला देतोय. अर्थ बालपण, जुन्या आठवणी. चित्रकार पामेला कोलमन स्मिथने चितारलेला हा डेक, म्हणजे पत्त्यांचा जोड, १९०९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तरी मला त्यात सरळ आमच्या चाळीचा चौक दिसला. मागे भाला घेतलेला कुणी पाठमोरा चाललाय, तो आजवर कधी नजरेतच आला नव्हता.

दुसरा फोर ऑफ पेंटॅकल्स. एक नाणं मुकुटावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली दाबलेली. मागे अख्खं शहर आणि या बाबाला जागचं हलता येत नाही. मी लगेच म्हटलं, ही आई! खोली सुटत नाहीये तिच्याच्याने. मग लक्षात आलं, पत्ते काढलेत मी. म्हणजे अडथळाही माझाच. आई इथे आली की रात्री फोन वाजल्यावर छातीत धस्स होणार नाही, ही निश्चिंती मला हवीये. ती मीच कवटाळून बसलेय.

तिसरा हँग्ड मॅन. नावानेच माणसं दचकतात, पण एका पायाने उलटा टांगलेल्या त्या माणसाचा चेहरा अगदी शांत असतो. थांब, उलट्या बाजूने बघ.

मला थांबायचं नव्हतं. सगळे ७८ पत्ते गोळा केले, पिसले, पुन्हा एक काढला. नाईन ऑफ सोर्ड्स: मध्यरात्री अंथरुणात तोंड झाकून उठून बसलेलं माणूस. घ्या!

मागे आईला हे पत्ते दाखवले होते. म्हणाली, "म्हणजे आपल्या गावी देवाला कौल लावतात तसंच की." देवाच्या मूर्तीला कळ्या चिकटवायच्या; कळी उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर नाही. मी म्हटलं, "नाही गं, यात हो-नाही असं नसतं." त्यावर म्हणाली, "तेवढं बरं आहे. नाहीतर उजवा मिळेपर्यंत तू कळ्या चिकटवत बसशील."

डेक पर्समध्ये ठेवताना बल्बचा खोका हाताला लागला. जिन्यातला दिवा गेलाय, येशील तेव्हा आण, असं ती पंधरा दिवसांपूर्वी म्हणाली होती.