‘समजलं का?’ असं मी विचारत नाही

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. डॉक्टर सांगतात, औषधाच्या दुकानात मीही सांगते, घेणारी बाई मान डोलावते. तरी महिनोन्‌महिने टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, जागचा हलत नाही. मग कधीतरी निवांत वेळी तिला सकाळपासूनचा दिवस विचारला की उलगडा होतो. “उपाशीपोटीच घेती की ताई. नुसता च्या झालेला असतो.”

आमच्याकडे चहाला कुणी खाण्यात धरत नाही. उपासाला चालतो तो चहा उपाशीपोटी का चालू नये? तिच्या बाजूने बघितलं तर तिने सांगितलं तसंच केलं. पण चहा-कॉफीबरोबर ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही. म्हणून काउंटरवर मी आता “उपाशीपोटी” म्हणत नाही. “उठून तोंड धुतलं की साध्या पाण्यासंगं गोळी. मग अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही.” वाक्य लांबलं, पण त्यात तिची सकाळ आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. बी. फार्मला आम्ही रेणूंची रचना, मात्रा, दुष्परिणाम सगळं शिकलो. चिठ्ठीवरचं 1-0-1, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, वाचायला शिकलो. समोरच्या माणसाला ते कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मात्र मला गिऱ्हाइकांनीच शिकवलं. आणि माझं मत असं बनलंय की औषध देताना निवडलेला शब्द हा औषधाचाच भाग असतो.

मधुमेहाच्या, म्हणजे साखरेच्या, काही गोळ्या जेवणाच्या तोंडावर घ्यायच्या असतात, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड. “जेवणाआधी एक” एवढं सांगितलं की लोक गोळीचा नियम काटेकोर पाळतात, जेवणाचा नाही. एकादशीला तर जेवणच नसतं, पण गोळी ठरल्या वेळी पोटात जाते. दुपारी दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढे अंधार. घरचे म्हणतात उपास सोसला नाही, आणि खरं तर साखर उतरलेली असते. त्यामुळे माझं वाक्य असं असतं: “गोळी घेतली की लगेच ताटावर बसायचं. उपास कधी धरता? मग त्या दिवसाचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.” आषाढीच्या आधी हे मी न विचारता सांगते.

“पथ्य काय?” हा आणखी एक प्रश्न. वांगं, आंबट, तेलकट, हरभऱ्याची डाळ असं काहीतरी नाव त्यांना ऐकायचं असतं. “पथ्य काही नाही” म्हटलं, तर मधुमेहाचा माणूस ‘सगळं खायला मोकळीक मिळाली’ असं समजतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीला मी पथ्य सांगतेच: “चहाचं पथ्य. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. आणि शौचाला काळं होईल, त्याला घाबरायचं नाही.” पथ्य म्हणून सांगितलेली गोष्ट लोक मनापासून पाळतात. सल्ला म्हणून सांगितलेली विसरतात.

ज्या शब्दाने माझी खरोखर झोप उडते तो आहे “आठवड्यातून एकदा”. संधिवाताला मेथोट्रेक्झेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. रोज घेतली गेली तर तोंड आतून सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावूसुद्धा शकतो. तिच्या जोडीला फॉलिक अॅसिडची गोळी असते, आणि बऱ्याचदा दोन्ही छोट्या, पिवळ्या. घरात बाकी सगळी औषधं रोजची असताना ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द त्या गर्दीत हरवतात. बीपीची रोज, साखरेची रोज, कॅल्शियमची रोज, मग हीसुद्धा रोजच्या डबीत जाऊन पडते. मी वार विचारून घेते. “बाजार करता ना? मग ही बाजाराची गोळी. बाजाराच्या दिवशी घ्यायची, दुसऱ्या कुठल्या दिवशी हात लावायचा नाही.” चिठ्ठीवर डॉक्टरांनी वार लिहिला असेल तर अर्थात तोच. पाकिटावर वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहिते आणि गोळ्या महिन्यापुरत्याच मोजून देते. बाजाराचा दिवस खेड्यातला माणूस विसरत नाही.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे एका मिलिलिटरला 40 युनिटच्या ताकदीची बाटली मिळते आणि 100 युनिटचीही. 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला केशरी. घरी मात्र सगळे “रेघा” मोजतात. “वीस रेघा घेते” असं कुणी म्हणालं की मी हातातलं काम बाजूला ठेवते, कारण कुठल्या सिरिंजच्या रेघा हे कळल्याशिवाय त्या वीसला काहीच अर्थ नाही. 100 ताकदीचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात 50 युनिट जातात. “पुढच्या वेळी बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन या, बघू,” एवढं म्हणून थांबायची ही गोष्टच नाही. घर जवळ असेल तर मी त्यांच्या नातवाला तेव्हाच पळवते आणि दोन्ही मागवून घेते.

दम्याच्या मशीनमध्ये घालून जिची पूड श्वासाने ओढायची ती कॅप्सूल माणसं गिळतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. पण ती दिसते गिळायच्या कॅप्सूलसारखीच, आम्ही नावही तेच घेतो आणि वर म्हणतो, “सकाळ-संध्याकाळ एक घ्या.” ‘घ्या’ म्हणजे काय घ्या? मी “ओढा” म्हणते. मशीन उघडून, त्यात कॅप्सूल ठेवून, एकदा माझ्यासमोर ओढून दाखवायला लावते. पंपाबद्दल तर भीतीच जास्त: “पंप लागला म्हणजे संपलं, त्याची सवय लागती.” तिथे मी आकडे सांगते. सालब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची असते, पंपाचे दोन झटके मिळून 200 मायक्रोग्रॅमचे, म्हणजे गोळीचा विसावा भाग. थेट फुफ्फुसात जातं म्हणून इतकं थोडं पुरतं. “कमी औषध” हे दोन शब्द ऐकले की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

आता शीर्षकाबद्दल. “समजलं का?” या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं. वयाने मोठा माणूस, मागे रांग, समोर शिकलेली बाई. तिथे “नाही समजलं” म्हणायला केवढं धाडस लागेल! म्हणून मी विचारते, “घरी गेल्यावर सूनबाईला कसं सांगाल, मला सांगा बघू.” किंवा, “मी नीट सांगितलं का ते बघायचंय, एकदा म्हणून दाखवा.” परीक्षा माझी होते, त्यांची नाही. लहान मुलांच्या तापाच्या औषधाला तर हे मी कधीच सोडत नाही. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमचं असतं, 250 चंही असतं, आणि ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला 100. तिन्ही घरात ‘तापाचं औषध’ या एकाच नावाने नांदतात आणि ‘एक चमचा’ म्हणजे पोह्यांचा चमचाही होऊ शकतो. आईने टोपणावरच्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं, की मी बाटली पिशवीत घालते.

क्षयाच्या औषधांचे रुग्ण सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेतात, पण बोलायला माझ्याकडेही थांबतात. “गोळ्या चुकवता का?” असं विचारलं की माणूस आत मिटतो. “गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?” असं विचारलं की बोटांवर मोजायला लागतो. ‘चुकवणं’ कुणीतरी करतं. ‘राहून जाणं’ होऊन जातं. आपल्या भाषेने दिलेली ही सोय फार मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 मध्ये क्षयाच्या नोंदींतून रुग्णाला बुडव्या ठरवणारा ‘डिफॉल्टर’ हा शब्द आणि ‘संशयित’ हा शब्द दोन्ही काढून टाकले. संशयित तर चोर असतो! खोकला घेऊन तपासणीला आलेल्या माणसाला आपण त्या नावाने का हाक मारावी? आणि हो, रिफॅम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ‘रक्त जातंय’ असं समजून औषध सोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

बायकांचे शब्द वेगळेच. “अंगावरून जातंय”, “पांढरं जातंय”, “बाहेरची हाय”. दुकानात पुरुष उभे असले तर तेवढंही नाही, नुसतं “ते द्या.” अशा वेळी मी मोठ्याने दवाखान्यातले शब्द वापरत नाही, तिने वापरलेला शब्दच उचलते आणि काउंटरच्या कडेला येऊन बोलते. तिचा शब्द मी दुरुस्त केला, तर पुढच्या वेळी ती येणार नाही आणि त्रास अंगावर काढेल.

माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका दुकानदार ताईंचं म्हणणं, संध्याकाळी ओपीडी सुटल्यावर हे सगळं करायला वेळ कुठला? बरोबर आहे. सहा ते आठमध्ये मलाही सगळ्यांशी बोलता येत नाही. त्या दोन तासांत तीन ठिकाणी मात्र मी रांग थांबवतेच: इन्सुलिन, आठवड्याची गोळी आणि लेकराचं पातळ औषध. बाकीच्यांना म्हणते, “दुपारी या, काका, निवांत बोलू.” बरेच जण येतात. येताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणा, एवढंच मी सांगून ठेवलेलं असतं.