बेअर, बोअर, बॉर्न : वहीतली नवी पानं

या महिन्यात वहीत तीन इंग्रजी क्रियापदं पुरी करायची ठरवली होती. झालं एकच, बेअर (bear), म्हणजे वाहणे, सोसणे, जन्म देणे. पण त्याने चार पानं भरली आणि मला त्याचा आनंदच आहे.

जुन्या इंग्रजीत हे बेरान, भूतकाळ बॅर, धातुसाधित बोरेन. जर्मन भाषाशास्त्रज्ञ जेकब ग्रिमने अशा क्रियापदांना 'स्ट्राँग' म्हटलं, कारण भूतकाळासाठी ती प्रत्ययाचा आधार घेत नाहीत, पोटातला स्वर बदलतात. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये हव्वेला काइन हा मुलगा होतो तिथे भूतकाळही 'बेअर'च आहे. आजच्या 'बोअर'मधला ओ 'बॉर्न'कडून आला.

मूळ तेच, ज्यातून आपला भृ धातू आला: वाहणे, धारण करणे. भ चा ब होणं ग्रिमच्याच नियमात, म्हणजे इंग्रजीच्या कुळात जुनी व्यंजनं कशी बदलली ते सांगणाऱ्या नियमात, बसतं. लॅटिन आणि ग्रीकमध्ये याचं रूप 'फेर', म्हणून ट्रान्सफर आणि मेटाफर या दोघांची घडण एकच: पलीकडे वाहून नेणं.

आता ज्यासाठी दोन रात्री गेल्या ते. भृ, भर, भार ही आपली गुण-वृद्धी, म्हणजे संस्कृतात धातूतला स्वर पायरीपायरीने वाढणं, आणि इंग्रजीतला स्वरबदल एकाच जुन्या व्यवस्थेतून आलेत. बोरेन आणि भृत ही रूपं शेजारी लिहून पाहा. दोन्हीकडे मूळचा स्वर गळून नुसता र उरला होता. संस्कृताने त्याचा ऋ ठेवला, तिकडे त्याला आधाराचा स्वर फुटला. आणि तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे? ती सवय आपल्या तोंडात अजून आहे, फक्त आपण तिच्यावर काळ नाही, अकर्मक-सकर्मक भेद दाखवतो.

वापरात माझी एक चूक सापडली. 'तिने तीन मुलांना जन्म दिला' या अर्थी 'शी हॅज बॉर्न' लिहिताना शेवटी ई हवा. मी इतकी वर्षं तो गाळत होतो. ई नसलेलं बॉर्न म्हणजे 'जन्मलेला', 'वॉटरबॉर्न'मध्ये मात्र ई असतोच.

मराठीत एक शब्द पुरत नाही. ओझं वाहतो, झाड फळ धरतं, दुःख सोसतो. 'आय कान्ट बेअर इट'ला 'मला सोसवत नाही' चपखल बसतं. 'बेअर विथ मी'ला सध्या 'जरा सांभाळून घ्या' लिहिलंय. याहून नेमकं सुचलं तर जरूर कळवा.

पुढचं पान टेअर, टोअर, टॉर्न. शेजारी दॄ आणि विदारण आधीच लिहून ठेवलेत.