शिक्का कुठाय?

सरकारी खात्यात आयटीचं काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा एसीत बसून कोडिंग करतो. तहसीलमध्ये पाय ठेवला की आधी प्रिंटर दाखवतात, ते वेगळंच.

आज सकाळी भाऊसाहेब, म्हणजे आमचे तलाठी, डिजिटल सहीचा डोंगल घेऊन हजर. ई-फेरफारवर, म्हणजे जमिनीच्या नोंदी बदलायच्या ऑनलाइन प्रणालीवर, सही होईना. बघतो तर डिजिटल सहीची मुदतच संपलेली. नवीन काढायची तर कॅमेऱ्यासमोर नाव-गाव सांगून व्हिडिओ द्यावा लागतो. मागे गर्दी दात काढतेय आणि भाऊसाहेब लग्नाच्या फोटोला बसल्यासारखे ताठ!

तेवढ्यात एक आजोबा आले. ऑनलाइन १५ रुपये भरून काढलेला डिजिटल सातबारा बँकेनं परत केलेला. “सायेब, ह्याच्यावर शिक्का कुठाय?” सही-शिक्क्याची गरज नाही, असं त्याच कागदावर छापलंय हो! क्यूआर कोड आहे, १६ अंकी पडताळणी क्रमांक आहे. बँकेत फोन लावला, तर तिकडून, “आम्हाला मान्य आहे, पण फाइलला शिक्का असलेला बरा.”

सॉफ्टवेअरमधला बग सापडतो हो. हा कुठून काढायचा?

शेवटी भाऊसाहेबांनीच शिक्का मारून दिला. आजोबांची पीककर्जाची घाई, त्यांना कशाला तात्त्विक चर्चेत अडकवायचं?

उद्या मात्र त्या शाखेत जाऊन मॅनेजरसाहेबांच्याच मोबाईलवर पडताळणी करून दाखवणार आहे. चहा मिळाला तर घेईन.