खिळे मोजून केलेली लिपी

नोकियाच्या जुन्या फोनवर मेसेज आला की टिट-टिट-टिट, टीट-टीट, टिट-टिट-टिट असं वाजायचं. मोर्सच्या, म्हणजे विजेच्या तारेवरून संदेश धाडायच्या लिपीत तीन टिंबं म्हणजे एस, दोन रेघा म्हणजे एम. तो बापडा फोन चक्क ‘एसएमएस’ म्हणत होता! वर्षानुवर्षं खिशात तार वाजत होती आणि आपल्याला पत्ताच नाही.

सॅम्युअल मोर्स मूळचा चित्रकार. 1825 मध्ये तो वॉशिंग्टनला एक व्यक्तिचित्र रंगवत होता आणि तिकडे न्यू हेवनला त्याची बायको वारली. पत्र मिळून तो घरी पोहोचेपर्यंत दफनही उरकलं होतं. या धक्क्यातूनच त्याने तारेचा ध्यास घेतला, असं हमखास सांगतात. मला ते जरा बेतलेलं वाटतं. तारेची कल्पना त्याला सुचली ती 1832 मध्ये, युरोपातून परतताना बोटीवर, एका सहप्रवाशाशी विजेच्या गप्पा रंगल्यावर.

आधीची योजना तर भलतीच होती. प्रत्येक शब्दाला एक आकडा. तारेवरून आकडे धाडायचे आणि पलीकडच्याने कोश उघडून शब्द शोधत बसायचं. अक्षरांची लिपी नंतर आली. तिच्यात आल्फ्रेड व्हेल या जोडीदाराचा हात किती, यावर अजून वाद झडतात. पण युक्ती कुणाचीही असो, फर्मास आहे. इंग्रजीत कुठलं अक्षर किती लागतं, हे पुस्तकं चाळून नव्हे, छापखान्यातले खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे सुटे ठसे, मोजून ठरवलं म्हणे. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला जे अक्षर सारखं लागतं त्याचे खिळे जास्त. हिशेब आयताच मांडलेला. ई 12000, टी 9000, झेड जेमतेम 200. मग ई ला एक टिंब, टी ला एक रेघ. (मराठी खिळे मोजले असते तर ते टिंब बहुधा कान्याने पटकावलं असतं.)

24 मे 1844 ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला बायबलमधलं एक वचन गेलं आणि तार रीतसर सुरू झाली. यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवायचं; तारवाले मात्र पट्टीकडे न बघता नुसत्या कडकट्टवरून मजकूर उतरवू लागले.

आकड्यांची ती टाकून दिलेली कल्पना आपल्याकडे शुभेच्छांच्या तारांत नांदली. फॉर्मवर नुसता क्रमांक लिहायचा, पलीकडे अख्खं वाक्य हजर, वर पैशांची बचत. लग्नात चार मामांनी एकच क्रमांक निवडला असेल, तर तारा वाचून दाखवणाऱ्याला तेच वाक्य चारदा, दर वेळी नव्या उत्साहाने म्हणावं लागत असणार.