खेळातल्या वावराचा फेरफार

आमच्या गावात कापूस वेचणारं यंत्र अजून आलेलं नाही. वेचणी बायाच करतात, कमरेला ओटी बांधून, किलोच्या हिशेबानं. त्याआधी सीतादहीची पूजा व्हावी लागते, मगच बोंडाला हात लागतो. माझ्याकडे मात्र ते यंत्र आहे. घराएवढं उंच, हिरवंगार, आणि एका दमात सहा ओळी गिळणारं. रात्री सेवा केंद्राचं शटर खाली ओढलं, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू केला, की मी त्याच्यावर बसतो.

खेळाचं नाव 'फार्मिंग सिम्युलेटर'. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर कंपनीनं तो 2008 साली पहिल्यांदा आणला. गहू, मका, गुरंढोरं सगळं आलं, पण कापूस यायला 2018 ची आवृत्ती उजाडली. ती मंडळी यवतमाळ जिल्ह्यात जन्मली असती तर आधी पऱ्हाटी लावली असती, गव्हाचं नंतर पाहिलं असतं.

या खेळाची खरी मजा मॉडमध्ये. जगभरचे हौशी लोक नवे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, अवजारं, नकाशे तयार करतात आणि बहुतेक वेळा फुकट देतात. आपण ते मॉडच्या फोल्डरमध्ये टाकायचे. त्यातले रंग, किंमत, ट्रॉलीत किती माल मावतो हे सगळं साध्या एक्सएमएल फाइलीत लिहिलेलं असतं आणि नोटपॅडमध्ये उघडतं. मग हात शिवशिवतातच. ट्रॉली मला युरोपच्या भावात कशाला हवी? किंमत कमी केली. मालाची क्षमता आमच्या ट्रॉलीसारखी केली. ट्रॅक्टरला गावातल्या एका भाऊंच्या जुन्या ट्रॅक्टरचा उडालेला निळा रंग दिला, त्यांना न विचारता.

पण मॉड बनवणारा माणूसही बसून नसतो. तो दोष काढतो, दिवे सुधारतो आणि नवी झिप फाइल टाकतो. ती उलगडून जुन्यावर ठेवली की आपला निळा रंग गेला, किंमत पुन्हा युरोपात. अपडेट न घ्यावं तर खेळाची आवृत्ती पुढे सरकते आणि जुना मॉड रुसतो. हा पेच सोडवायला मी गिट धरलं.

गिट हे मुळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं हत्यार. लिनक्सचं काम ज्या बिटकीपर नावाच्या व्यवस्थेवर चालायचं, तिचा फुकट वापर 2005 साली बंद झाला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच ही दुसरी व्यवस्था लिहायला घेतली. हजारो लोक एकाच मजकुरात फेरबदल करतात, तरी कोणी, कधी, काय बदललं ते हरवू नये, यासाठी ती आहे. दिवसभर लोकांना सातबारा काढून देणाऱ्या माझ्यासारख्याला हे समजायला वेळ लागला नाही. सातबाऱ्यावर आज वावर कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. ते त्याच्या नावावर कसं आलं, वारसानं की खरेदीनं, हे गाव नमुना 6 मध्ये, फेरफार नोंदवहीत सापडतं. फोल्डरमधल्या फाइली म्हणजे सातबारा, गिटची लॉग, बदलांची यादी, म्हणजे फेरफार.

कोर्सप्लेसारखे काही मॉड गिटहब या संकेतस्थळावर उघड्यावरच घडतात. हा मॉड ट्रॅक्टरला आखून दिलेल्या वाटेनं आपोआप चालवतो. असा मॉड एकदा क्लोन केला, म्हणजे त्याची नक्कल उतरवून घेतली, की पुढे फक्त पुल म्हणायचं. गिट नुसता फरक ओढून आणतं, आणि फरक लिखाणातला असला तर तो काही केबीतच संपतो. दिवसाच्या दीड जीबीत अख्खं घर चालवणाऱ्याला याची किंमत सांगायला नको. पहिला क्लोन मात्र जड, कारण सोबत सगळा इतिहास येतो, आणि अर्ध्यात रेंज गेली तर काम पहिल्यापासून. म्हणून क्लोनच्या आज्ञेला डेप्थ एक लावून फक्त शेवटची नोंद मागवायची. फोल्डरच्या नावात आडवी रेघ राहू द्यायची नाही, खेळ ते नाव घेत नाही. एकट्यानं खेळायला उघडा फोल्डर चालतो, चौघांत खेळायचं तर झिपच लागते.

बाकी बहुतेक मॉड नुसत्या झिपच्या रूपातच मिळतात. त्यांच्यासाठी मी माझ्या कॉम्प्युटरवरच गिटचं खातं उघडतो आणि त्यात दोन शाखा, म्हणजे त्याच फाइलींच्या दोन वेगळ्या वाटा, ठेवतो, 'मूळ' आणि 'आपली'. झिप जशीच्या तशी ठेवून उपयोग नाही, गिटला बंद गाठोड्यातलं काही दिसत नाही. ती उलगडून 'मूळ' शाखेत ठेवायची आणि नोंद करायची. माझे रंग, किमती 'आपली' मध्ये. नवी झिप आली की ती पुन्हा 'मूळ' वर, आणि मग 'मूळ' ला 'आपली' मध्ये मिसळायचं. त्याचे दिवेही येतात, माझा निळा रंगही राहतो. शाखांची नावं देवनागरीत चालतात. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत कधी वेलांट्या तुटतात, तेवढं सोसायचं.

दोघांनी एकाच ओळीला हात लावला तर गिट स्वतःच्या मनानं निकाल देत नाही. तलाठी हरकतीसाठी पंधरा दिवस देतो, गिट मुदतही घालत नाही, जागच्या जागी थांबतं. फाइलीत कोनदार खुणा टाकून वर माझी किंमत, खाली त्याची, असं दोन्ही मांडून ठेवतं. एक ठेवा नाहीतर तिसरीच लिहा. एवढा शहाणपणा धुऱ्यावरून भांडणाऱ्यांत असता तर तहसीलच्या आवारातली चहाची टपरी चालली नसती.

अपडेटनंतर ट्रॉली माल ओतायला उलटी व्हायची बंद पडली, तर बिघाड कोणत्या नोंदीत शिरला ते शोधायला गिटची बायसेक्ट ही आज्ञा आहे. मधली नोंद काढून खेळून पाहायची, चांगली की बिघडलेली ते सांगायचं, गिट उरलेल्यातलं अर्धं टाकून देतं. चौसष्ट नोंदी असल्या तरी सहा खेपांत दोषी सापडतो. दर खेपेला खेळ नव्यानं उघडावा लागतो, त्यामुळे हे काम लाइन असलेल्या रात्रीचं.

बाबांना हे सगळं रिकामं वाटतं. "दिवसभर वावर, अन् रातच्यालेही वावरच? काहून बे?" म्हणत ते परवा मागे खुर्ची ओढून बसले. यंत्रानं पांढरीशुभ्र पट्टी साफ केलेली त्यांनी पाहिली.

"याच्यात बोंडअळी नाही काय?"

"नाही, बाबा."

"मंग काय खाक शेती?"

नकाशाच्या फाइलीत कपाशीचं उत्पन्न ठरवणारा आकडा असतो. तिसरी शाखा उघडली, तिला 'बोंडअळी' नाव दिलं. आकडा किती करू विचारलं, तर बाबा म्हणाले, "निम्मा." निम्मा केला. नोंद करताना कारण लिहावं लागतं, म्हणून तेही त्यांनाच विचारलं.

"लिही, फवारणी उशिरा झाली."